खुणांची भाषा

प्रिय बाबा,

दवाखान्यात माझ्यासाठी पेशंटची दुसरी खुर्ची बसवलीत, असं आई फोनवर म्हणाली. मी नुसतं "हो का" म्हटलं.

या परदेशी शाळेत वर्षभरासाठी आले, तेव्हा मला तुमच्यासारखं दातांचं डॉक्टरच व्हायचं होतं. पण ज्यांच्या घरी राहते, त्यांच्या धाकटीला ऐकू येत नाही. तिच्याशी भांडता यावं म्हणून मी खुणांची भाषा शिकले. काल तिला अपूर्णांक काही केल्या कळेनात. मी हातांनी समजावले. तिनं कपाळावर हात मारून खुणेनंच विचारलं, "एवढंच होतं?"

तिथेच माझं ठरलं. अशाच मुलांना शिकवायचं.

"याचसाठी पाठवलं होतं का?" असं तुम्ही विचाराल. हो बाबा, याचसाठी.

हे पत्र टाकत नाहीये. तुम्हाला ओरडायला मी समोर हवी. वर्ष संपलंय, शनिवारी घरी येतेय.

तुमच्याइतकीच हट्टी,
तुमची लेक