सकाळी सहा ते सात

नांदेड, गुरुवार

प्रिय दामिनी,

चार दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस. उचलला असतास तरी मला बोलता आलं नसतं, जेवलीस का विचारून ठेवून दिला असता. म्हणून लिहायला बसले. सोमवारी अकरा वाजता तू लातूरला रविकिरण वकिलांच्या ऑफिसात संगणकासमोर बसशील आणि पलीकडून उत्तेजक औषधांची प्रकरणं बघणाऱ्या समितीतली तीन माणसं तुला प्रश्न विचारतील. त्यांना पटलं तर आशियाई स्पर्धेच्या संघातलं तुझं नाव राहील. नाही पटलं तर दोन वर्षं बंदी. चोविसाव्या वर्षी दोन वर्षं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायला नको. इथल्या गल्लीतल्या बायकांनी तर निकाल लावूनही टाकलाय. मी नळावर गेले की त्यांचा आवाज खाली जातो, आणि मीही ठणकावून काही बोलत नाही. का बोलत नाही तेच सांगायचंय, पण जरा धीर धर, मला एकदम जमणार नाही.

जळकोटच्या रस्त्यावर अप्पांनी कासऱ्याने मोजून दिलेले दोनशे मीटर आठवतात? पुलाच्या कठड्यापासून बाभळीपर्यंत. तू पळायचीस आणि मी अप्पांचा मोबाईल धरून वेळ सांगायची. एकदा तुझं तोंड एवढंसं झालेलं बघून मी दीड सेकंद कमी सांगितला. तू गटागटा पाणी प्यालीस आणि म्हणालीस, “अक्का, खोटं नको सांगू. मला पायात कळतंय की.” अकरा वर्षांची होतीस. मला राग आला होता. एवढं कौतुक करावं तर ही उलटी मलाच शिकवते!

मग अहमदपूरच्या शाळेतून तू जिल्ह्याला गेलीस, लातूरच्या क्रीडा संकुलात राहिलीस, आणि माझं लग्न होऊन मी नांदेडला आले. तुझ्या शर्यती मी पोळ्या लाटता लाटता बघितल्या. राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्ण मिळालं तेव्हा रुद्रेशच्या वाटणीची पोळी करपली आणि त्या भल्या माणसाने ती मुकाट्याने खाल्ली. त्याच वर्षी तू वेळेत जवळजवळ अर्धा सेकंद कमी केलास. मैदानावर कुजबुज सुरू झाली, पोरगी काहीतरी घेते म्हणून. तसं म्हणणाऱ्या एका बाईला मी लग्नाच्या मांडवात असं झापलं की नवरदेवसुद्धा माझ्याकडे बघायला लागला.

तपासणीवाल्यांचा नियम तूच आम्हाला सांगितला होतास. रोज एक तास ठरवून द्यायचा, त्या तासाला कळवलेल्या जागी हजर राहायचं, ते कधीही न सांगता येतील. बारा महिन्यांत तीनदा सापडली नाहीस तर बंदी, मग औषध घेतलेलं असो नसो. तू सकाळी सहा ते सात दिली होतीस. दोनदा आधीच चुकलं होतं, एकदा रेल्वे उशिरा आली म्हणून आणि एकदा खोली बदललेली कळवायची राहिली म्हणून. ते मात्र तू घरी कुणालाच सांगितलं नव्हतंस. आम्हाला कळलं ते तिसऱ्या वेळची नोटीस आल्यावर. त्यात लिहिलं होतं की घरातल्या एका बाईने तू नाहीस असं सांगितलं. तू तर त्या सकाळी गावाकडे घरातच होतीस, तोच पत्ता कळवून, आणि मीही माहेरी आले होते. तू कडाडलीस, “कोणीच आलं न्हाई, खोटं बोलायलेत.” अव्वा त्या वेळी डेअरीवर, अप्पा शेतात, आईबाप दोघंही घराबाहेर. मला विचारलंत तेव्हा मी म्हणाले, “मी तर कोणाला बघितलं न्हाई.” माझ्या त्या शब्दावर अप्पांनी, त्या सकाळी दारात कोणीच आलं नव्हतं म्हणून, स्टँपपेपरवर सही केली. दामिनी, ते आले होते.

सहा वाजून दहा मिनिटं झाली असतील. मी अंगणात सडा टाकत होते. जीपमधून एक बाई आणि एक माणूस उतरले. दोघांच्या गळ्यात ओळखपत्रं, बाईच्या हातात पेटी. तुझं पूर्ण नाव घेऊन विचारलं. मी म्हणाले, “न्हाई, ती उदगीरला मामाकडं गेलीय.” आपल्याकडे पोरीचं नाव घेऊन अनोळखी माणूस दारात उभा राहिला की मामाचं गाव पुढे करायचं, ही रीतच आहे. त्या रीतीआड मला आज लपता आलं असतं. पण ते तपासणीवाले आहेत हे मी ओळखलं होतं. मी नाही म्हटलं तरी ते गेले नाहीत. सात वाजेपर्यंत जीप लिंबाखाली उभी होती आणि मी ओट्यावर बसून होते. तू आत कूलरसमोर झोपलेली. लाइट गेली असती तर उकाड्याने उठून बाहेर आली असतीस, म्हणून मी सिद्धेश्वराला विनवत होते की लाइट जाऊ देऊ नको. पावणेसाताला ओट्यावर चार्जिंगला लावलेला तुझा फोन वाजला. मी तो बंद केला.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी फ्रिजमधून बर्फ घ्यायला गेले होते. पायाला बर्फ लावायची तुझी ती निळी पिशवी उघडली तर आत चार बाटल्या आणि दोन सुया. बर्फाच्या पाण्याने बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या धुऊन गेलेल्या.  मांडवात जिला झापलं होतं तिचंच बोलणं मी मनातल्या मनात खरं मानलं, एका क्षणात. तुला विचारलं नाही. विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस तर? बाटल्या नेऊन उकिरड्यात खोल पुरल्या. सकाळी जीप आली तेव्हा मला वाटलं, मी माझ्या बहिणीला वाचवतेय.

त्यानंतरच्या शुक्रवारी अहमदपूरहून जनावरांचे डॉक्टर आले, नरसिंगराव. अप्पा फ्रिज उघडून ओरडायला लागले, “कालवडीचं औषध कुठं हाय? थंड राहावं म्हणून दामीच्या पिशवीत घालून आणलं होतं की!” सगळा दोष अव्वावर गेला, आणि मी खाली मान घालून अंगण झाडत राहिले. तेव्हाच तुझे पाय धरायला हवे होते. पण मी हिशेब केला की एकदाच तर चुकलंय, एकाने काय होतंय. शिवाय सांगायचं म्हणजे तुला चोर समजले हेही सांगावं लागलं असतं. नोटीस आली त्या दिवशी तू रडत होतीस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते. त्या हाताची मला अजून शिसारी येते.

आता सोमवारचं. मी समितीसमोर हे सगळं सांगितलं तर चूक तुझी नव्हती हे त्यांना दिसेल. पण ते असंही म्हणतील की सख्ख्या बहिणीला संशय आला, म्हणजे काहीतरी असणारच. बाटल्या मीच नाहीशा केल्या. औषध कालवडीचंच होतं हे डॉक्टर सांगतील, पण ते आपल्याच गावाकडचे. अप्पांची सही खोटी ठरेल. माझ्या साक्षीने तू सुटशील की आणखी बुडशील, मला खरंच कळत नाही. तुला झोपू देऊन तुझ्या वतीने मी एकदा ठरवलं, त्याचं हे झालं. या वेळी तू ठरव, त्यासाठीच हे पत्र. रुद्रेशला सगळं सांगितलंय, तो उद्या हे तुझ्या हातात देईल. सोमवारी पहिल्या एसटीने मी लातूरला येते आणि दहा वाजेपर्यंत स्टँडवर बसते. आली नाहीस तर परतीची गाडी धरीन आणि तुझ्या मर्जीवाचून कुठे तोंड उघडणार नाही. आलीस तर माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस हवं तर. नुसती पुढे चाल, मी मागून येते.

तुझीच,
सुकन्याक्का