चाळणीतला बिबट्या

बाई, तुमची चाळणी पिशवीत घालून दाराशी ठेवली आहे. मी शिकवते त्या विभागाची उद्या बैठक आहे. वन्यजीवशास्त्राच्या अभ्यासक्रमातला जंगलातला महिना काढून टाकायचा, म्हणतात. कॅमेऱ्यातली छायाचित्रं पडद्यावर दाखवली की झालं, मुलांना रानात नेण्याची जबाबदारी कोण घेणार? माझं भाषण तयार आहे. वर्ग म्हणजे पिंजरा, हे पहिलंच वाक्य. तुम्ही असतात तर चष्मा पुसत म्हणाला असतात, "झकास. आता पुढचं बोल."

तुमच्याकडे शिकत असताना हेच वाक्य मी तुम्हाला बोरिवलीच्या डोंगरात ऐकवलं होतं. सकाळ आहे. मागे सोसायटीची भिंत, भिंतीला लागून कचरा, पायवाटेच्या कडेला बिबट्याची विष्ठा. तुम्ही तिच्यापाशी उकिडव्या बसला आहात आणि मी उभ्याउभ्या व्याख्यान देते आहे: पुस्तकं हवीत कशाला, जंगल समोर आहे ना. विष्ठेतले तांबूस केस बघून मी निकालही देऊन टाकला, चितळ. "जंगल समोर आहे गं," तुम्ही म्हणालात, "पण तुला कचरा दिसला का?" नव्हता दिसला. मी रानाकडे तोंड करून उभी होते.

त्याच दुपारी तुमच्या मुलुंडच्या घरी, स्वयंपाकघराच्या मोरीत, नाकाला ओढणी बांधून मी ती विष्ठा चाळणीत धुते आहे. तुमचे यजमान दारातून विचारतात, "काय गं, बिबट्याकडे जेवायला काय होतं?" "हिच्या मते चितळ," तुम्ही म्हणता. "थांबा, अजून भाषण संपायचंय तिचं." पाणी नितळ झालं. केस उरले आणि एक बोथट नख. चितळाला खूर असतात, नखं नव्हेत, हे मला शाळेपासून ठाऊक. तुम्ही केस तेवढे कागदाच्या पुडीत बांधलेत. दुसऱ्या दिवशी वर्गात ते केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला लावलेत, शेजारी तुम्ही जमवलेल्या ओळखीच्या केसांच्या काचपट्ट्या. कुत्रा. तेव्हा कुठे मला डोंगरावरचा कचरा दिसला: कचऱ्यामागे कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या.

पुढे मी दोन्हीकडची माणसं पुष्कळ पाहिली. रानातली पुस्तकाला हसतात, वर्गातली चिखलाला नाक मुरडतात, आणि दोघांचंही शिक्षण अर्धंच राहतं. तुम्ही कोणालाच हसला नाहीत. अभ्यासक्रम संपला त्या दिवशी ही चाळणी माझ्या हातात दिलीत. "ठेव. बोलताना हातांना काम हवं."

म्हणून उद्या भाषण नाही. परवानगी काढून आणलेला एक नमुना, बादली आणि चाळणी बैठकीच्या टेबलावर ठेवीन आणि विभागप्रमुख साहेबांनाच विचारीन, जेवायला काय होतं? ते आधी विचारतील, हे सापडलं कुठे? मग मी म्हणेन, चला, दाखवते.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, चाळणीखाली घालून ठेवते. एक मात्र सांगून टाकते. गेल्या दिवाळीत घरची चाळणी फाटली, तेव्हा करंज्यांचा मैदा मी हिच्यातूनच चाळला. उकळत्या पाण्यातून काढली होती. घरात कोणाला बोललेली नाही. करंज्या मात्र सगळ्यात आधी संपल्या.