तुम्ही आवळलेला स्क्रू

अहो,

आज सकाळी मोरीतल्या नळाचा स्क्रू निघाला. तुम्ही आवळून ठेवलेला, कुणाच्या बापाला न हललेला, तोच. ही बातमी दुसऱ्या कुणी सांगितली असती तर तुम्ही खरीच मानली नसती, म्हणून मीच कळवते.

मला लिहिता येत नाही हे काय तुम्हाला सांगायला हवं? मी सांगते आहे आणि आपली शुभांगी लिहिते आहे. मध्ये कुठे अक्षर अडखळलं तर समजा, तिची स्तुती आली आणि सूनबाईंनी पेन थांबवलं. "आई, एवढं कशाला?" म्हणते. मी म्हटलं, तू लिही गप, पत्र माझं आहे.

गावाला होते तेव्हाही मी तुम्हाला पत्रं धाडायची, आठवतं ना? पोस्टमन लिहायचा. त्या परक्या माणसासमोर काय बोलणार? आम्ही खुशाल, गाय व्याली, पाऊस बरा. तुमच्याशी भांडायचं सगळं राहूनच गेलं. आज थोडं उरकून घेते.

आपल्या खोलीत पाण्याची लाईन आली तो दिवस काय विसरेन मी? अर्धं आयुष्य मी चाळीच्या सार्वजनिक नळावर हंडे घेऊन उभी. तुम्ही गिरणीतले फिटर, दुसऱ्या कुणाला हात लावू द्याल? कुठल्या जुन्या बाजारातून तो पितळी नळ शोधून आणलात, चिंचेनं घासलात, आणि स्वतः भिंतीत बसवलात. मुठीचा स्क्रू आवळताना तुमच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मी म्हटलं, अहो पुरे, नळ आहे, तिजोरी नाही. तर म्हणालात, "माझ्यामागेय हलाचो नाय ह्यो." आणि पहिली धार मला सोडायला लावलीत. चाळीत सगळ्यांच्या नळाला पाणी यायचं, पण आपल्या नळासारखा नळ कुणाकडे नव्हता. मी किती मिरवले ते तुम्हाला कधी कळू दिलं नाही, एवढंच.

तर त्या नळाचा आतला वायसर गेला. सकाळी पाणी आलं की नळ बंदच होईना. आपलं पिंप भरून वाहायचं आणि टोकाच्या खोलीतल्या कुसुमच्या नळाला धार नाही. ती रोज कळशी घेऊन आपल्या दारात. "काकी, तुमची मोरी आंघोळ करतेय आणि माझी पोरं पारोशी." खोटं काय बोलत होती?

आपल्या दिगूनं प्लंबर आणला. वायसर बदलायचा तर मूठ काढायची, मूठ काढायची तर तुमचा स्क्रू. त्यानं पेचकस लावला, जोर केला, सटकला. पुन्हा केला, पुन्हा सटकला. स्क्रूच्या डोक्यावरची खाच पार गुळगुळीत झाली. घाम पुसत त्यानं मला विचारलं, आजी, हा कोणी आवळला होता? मी पदर सावरून सांगितलं, आमच्या यांनी. त्याला राग येत होता आणि मला काय वाटत होतं ते सांगू नये.

पण मग तो म्हणाला, रविवारी दुपारी येतो, नळ कापून काढतो आणि प्लॅस्टिकचा बसवतो. दिगू म्हणाला, ठीक आहे. त्याचं तरी काय चुकलं, चाळीच्या शिव्या त्यालाच खाव्या लागतात. पण अहो, तुमचं आता घरात होतं काय? कपडे वाटले, छत्री मोडली. तो नळ तेवढा होता. रोज पहाटे त्याची मूठ फिरवली की तुमचा हात धरल्यासारखं वाटायचं. (शुभांगी, हे लिहिलंस? बरं, राहू दे.)

हिनं ते कसं ओळखलं देव जाणे. शनिवारी कारखान्यातून आली, नळाकडे वाकून बघितलं आणि म्हणाली, "आई, मी बघू का? आमच्याकडे रोज एखादा असा हट्टी निघतोच."

आता इथे तुमची कानउघाडणी. ती अंधेरीच्या त्या कारखान्यात दिवसभर रेडिओ जोडते. स्क्रू लावते, स्क्रू काढते. तुम्ही काय म्हणायचात? मुंग्यांचे स्क्रू. तिनं एकदा हौसेनं तुमची पेटी उघडून मागितली तर म्हणालात, "हत्याराक हात नाय लावचो." पेटीची किल्ली कडदोऱ्याला बांधून फिरलात जन्मभर. जशी काय आत पेशव्यांची दौलत.

ती किल्ली तुम्ही गेल्यापासून माझ्याकडे होती. मी पेटी उघडली नव्हती. काल तिच्या हातात दिली.

तिनं रॉकेलमध्ये बुडवलेला कापूस स्क्रूवर ठेवला. आज सकाळी पाणी गेल्यावर कामाला बसली. तुमच्या पेटीतलं करवतीचं पातं काढलं, एका टोकाला चिंधी गुंडाळली आणि स्क्रूच्या डोक्यावर आडवी नवी खाच पाडली. घाई नाही, धुसफूस नाही. मला म्हणाली, आई, तुम्ही मोठा पान्हा लावून नळ घट्ट धरा, नाहीतर भिंतीतला पाईप पिळवटेल. मी मोरीच्या कट्ट्यावर बसून सगळा भार टाकला. माझ्या वजनाला हसायचात ना? आज तेच कामाला आलं.

मग तिनं पेचकस खाचेत बसवला, वरून हातोडीनं दोन टोले दिले आणि काय केलं माहीत आहे? सोडवायच्या ऐवजी आवळला. मी ओरडलेच, अगं बये, सासऱ्यानं केलं ते पुरे नाही झालं? ती वर न बघता म्हणाली, "आधी त्याच्या मनासारखं वळवायचं आई, मग आपल्या."

कट् असा आवाज झाला. मला वाटलं मोडला. पण तो हलला होता. मग तिनं उलटा फिरवला आणि आला की हो बाहेर, हिरवागार, गंजलेला. दिगू दारात उभा राहून बायकोकडे असा बघत होता, तसं लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं त्यानं.

तिनं नवा वायसर घालून मूठ परत बसवली. दुपारी प्लंबर आला. त्यानं नळ उघडबंद करून बघितला, हसला आणि चहा घेऊन गेला. मी त्याला सांगितलं, लावणाराही आमच्या घरचा, काढणारीही आमच्या घरची. संध्याकाळपर्यंत कुसुमनं ही गोष्ट चाळभर केली, मला वेगळं मिरवायला लागलंच नाही.

नवा स्क्रू लावताना शुभांगीनं त्याला शिवणाच्या मशीनचं तेल लावलं आणि बेतानं आवळून थांबली. मी म्हटलं, अजून आवळ की. तर म्हणते, "पुढच्याला उघडता आला पाहिजे ना." ऐकलंत? हे तुम्हाला कधी सुचलं नाही. तुम्ही आपले असे आवळत गेलात, जसे काही तुमच्यानंतर घरात हत्यार धरणारं कुणी येणारच नव्हतं. आलंय हो. किल्ली आता तिच्याकडेच राहील.

एक वचन देते. तुम्ही घरभर आवळून ठेवलेलं बाकीचं सगळं, दाराच्या कड्या, खाटेचे बोल्ट, मी हिच्याकडून एकेक सोडवून तेल लावून घेईन. फक्त देव्हाऱ्याच्या फळीचा एक स्क्रू राहू देईन. त्याला हात लावायचा नाही असं हिला सांगून ठेवलंय. माझ्यामागे कधीतरी कुणी तो काढायला घेईल, घामाघूम होईल आणि वैतागून विचारील, कुणी आवळला हा? तेव्हा घरात तुमचं नाव निघेल.

तुमची,
दिगूची आई