दाराच्या कपाळावरचं कुलूप

मंगळवार, ४ मार्च

चावी लागली नाही.

एवढा प्रवास केला आणि स्वतःच्या घराच्या दाराशी उभं राहून पाहुण्यासारखी बेल वाजवली! ही चावी मी परदेशातसुद्धा रोज खिशात बाळगतो. तिथे तिचा उपयोग शून्य. ज्या हॉटेलात मी दारं दुरुस्त करतो तिथे सगळा कारभार कार्डांचा. सोबतचे हसतात. हसू देत. बाबांनी ती माझ्यासमोर कानशीने घासून दिली होती, मी निघायच्या आदल्या दिवशी. "कधीही ये. विचारायचं नाही, उघडायचं."

आज उघडणार काय? जिथे कुलूप होतं तिथे लाकडाची पट्टी ठोकलेली. आणि नवं कुलूप — दाराच्या अगदी वरच्या टोकाला! कपाळाला आठी पडावी तसं. ज्या माणसाने गावभराची कुलुपं बनवली, त्याच्या घराला हे?

दार दादाने उघडलं. मिठी मारायला पुढे आला, मी बॅग मध्ये धरली. तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते हेच — "कुलूप कुणी बदललं?"

"आत तर ये," म्हणाला.

बाबांना जाऊन आठवडा झाला. मी पोचेपर्यंत सगळं उरकून, झाडून-पुसून मोकळे. आई भिंतीला टेकून बसली होती. माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळलास रे."

बुधवार, ५ मार्च

भेटायला येणाऱ्यांची रीघ. काका सभापतींसारखे मधल्या खुर्चीत. येईल त्याला बाबांचं मरण नव्याने ऐकवतात आणि दर वेळी त्यात स्वतःचा भाग थोडा वाढवतात. सकाळी ते डॉक्टरांना फोन करत होते, दुपारपर्यंत डॉक्टरांना सल्ला देऊ लागले. उद्या ऑपरेशनही करतील.

मला म्हणाले, "काय साहेब, तिकडे म्हणे दारं आपोआप उघडतात?"

"हो. आणि इथे चावी असून उघडत नाहीत."

काका खो खो हसले. दादा हसला नाही. हातातला कप घेऊन आत गेला.

वहिनींना सरळ विचारलं. "अहो भाऊजी, जुनं कधीचंच बिघडलं होतं," म्हणाल्या, आणि उगाच पडदा सारखा करायला लागल्या. बाबांच्या हातचं कुलूप बिघडलं! हे म्हणजे पोहणारा बादलीत बुडाला म्हणण्यासारखं. खोटं बोलायलासुद्धा थोडी अक्कल लागते.

सगळे गेल्यावर स्टूलवर चढून नीट पाहिलं. बाजारातलं स्वस्त कुलूप, पत्रा दाबून केलेलं. चार स्क्रू, तेही चार जातींचे. दोन तिरके गेलेत, एकाची खाच पार झिजवून टाकलीय. बाजूला आधी चुकून पाडलेली भोकं तशीच उघडी. कुलूप डावीकडे झुकलंय. मी पहिल्या महिन्यात शिकत होतो तेव्हाही इतकं वाईट काम केलं नसतं. बाबांनी कान उपटला असता.

"कुठल्या आंधळ्याला बोलावलं होतंत?" मी मोठ्यानेच विचारलं.

दादा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "मिळाला तो माणूस."

विम्याच्या कचेरीत बसून लोकांना सुरक्षिततेवर व्याख्यानं देतो हा! शेजारच्या खोलीत कुलुपांचा जाणकार होता आणि ह्याने रस्त्यावरून माणूस आणला. काखेत कळसा, गावाला वळसा.

गुरुवार, ६ मार्च

आई दार उघडायला रोज स्टूल ओढते! तिचा हात पोचत नाही. हे पदवीधरांना दिसत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

दुकानात गेलो. शटरवर कागद चिकटवलेला — "मालकांच्या निधणामुळे दुकाण बंद आहे." अक्षर दादाचं. निधण! दुकाण! मी नववीत शाळा सोडली. हा पदवीची सुरळी भिंतीवर लावून बसलाय. कागद काढला, दुसऱ्यावर नीट लिहून लावला.

आत तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा तोच वास. पण बाकड्यावर नुसता गोंधळ. बाबांच्या कानशी मापाप्रमाणे टांगलेल्या असायच्या, मोठीपासून लहानपर्यंत. आता सगळ्या एका डब्यात कोंबलेल्या, उलट्या-सुलट्या. दादाने हात घातला असणार, दुसरं कोण? त्याच्या हातात कानस म्हणजे माकडाच्या हातात कोलीत.

खालच्या खणात घराचं कुलूप सापडलं. आपलं जुनं. फडक्यात गुंडाळलेलं, तेल दिलेलं. बराच वेळ हातात धरून बसलो. मग खिशातली चावी काढली, घातली, फिरवली.

लोण्यासारखी फिरली.

म्हणजे बिघडलेलं नव्हतंच. धडधाकट कुलूप काढून, खणात दडवून, वर ती पत्र्याची डबी ठोकली. का? माझ्या डोक्यात एकच उत्तर येतं. ह्या घराची एक चावी बाहेर आहे आणि ती माझ्याकडे आहे, हे ह्यांना खुपत होतं. उद्या बाबा गेले की धाकट्याचा पाय घरात नको. बाबा जिवंत असतानाच तयारी! मला त्यांचं काही नको. दुकान नको, भांडी नकोत. पण त्या दारातून आत शिरायचा हक्क बाबांनी मला दिला होता. तो हे कोण काढून घेणार?

आणि बाबा तरी गप्प कसे बसले? की त्यांनाही मी नकोसा झालो होतो? वर्षभर फोनवर मला तेच तीन प्रश्न. जेवलास का? थंडी आहे का? दाराला कडी लावतोस ना? मी काही सांगायला लागलो की पुन्हा, "जेवलास का?" जसा काही मी ऐकण्याच्या लायकीचाच नाही. मग मीही फोन कमी केले.

परतीचं विमान मंगळवारी आहे. त्याआधी ह्याचा निकाल लावायचा.

शनिवार, ८ मार्च

निकाल लागला, पण भलताच.

समोरचे मास्तर जिन्यात भेटले. निवृत्त झालेत, बोलायला माणूस हवाच असतो. म्हणाले, "तुझे बाबा म्हणजे कमाल! एकदा मी आंघोळ करून बाहेर येतो तर हे माझ्या स्वयंपाकघरात! माझ्याच कपात चहा पितायत. मला म्हणतात, कोण पाहिजे आपल्याला?"

"म्हणजे? त्यांनी ओळखलं नाही तुम्हाला?"

"तुला ठाऊक नाही?" मास्तर ओशाळले. "अरे, शेवटी शेवटी डोकं ठिकाणावर नव्हतं त्यांचं. पण हात! हाताला सगळं आठवत होतं. मजल्यावरचं एक कुलूप सोडलं नाही त्यांनी. केसांची पिन पुरायची. वरच्या मजल्यावरची नर्स ड्यूटीवरून आली तर तिच्या पलंगावर झोपलेले. तिने पांघरूण घातलं आणि खाली येऊन तुझ्या आईला सांगितलं."

तसाच घरी आलो. दादा बूट पुसत होता.

"बाबांना काय झालं होतं?"

ब्रश थांबला. "मास्तर भेटले वाटतं."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं?"

"आणि कुलूप?"

"घरातून निघून जायचे रे. किती वेळा शोधून आणले. एकदा बस स्टँडवर सापडले. तू येणार म्हणून उभे होते. जुनं कुलूप त्यांनीच केलेलं, आतून उघडायला त्यांना काय लागतं? म्हणून मग..."

"म्हणून कोंडलंत! जन्मभर लोकांची दारं उघडून दिली त्या माणसाने, आणि तुम्ही त्याला त्याच्याच घरात कोंडलंत? वर कुलूप ठोकलंत, दिसू नये म्हणून! जनावराला फसवावं तसं!"

"आवाज खाली कर. आई आहे आत."

"लाज वाटली पाहिजे."

वहिनी दारात आल्या. "भाऊजी, तुम्हाला माहीत नाही, ते कुलूप..."

"तू गप्प बस," दादा म्हणाला. तिला, मला नाही. मग बूट घातले आणि निघून गेला. लेस न बांधता. शनिवारी कचेरी बंद असते!

पळपुटा. वर्षभर मला "बाबा झोपलेत", "बाबा फिरायला गेलेत" सांगत राहिला. आता कळतंय, ते तीन प्रश्नही आई बाजूला बसून पढवत असणार. मला सगळ्यांनी मिळून परका केलं आणि बाबांना कैदी.

ती डबी मी त्या दारावर राहू देणार नाही.

रविवार, ९ मार्च

वहिनी आईला बहिणीकडे घेऊन गेल्या होत्या. काम शांतपणे झालं.

आधी वरचं काढलं. झिजलेल्या खाचेचा स्क्रू निघेना, पक्कडीने उपटला. लाकूड थोडं उचकटलं, तासून घेतलं. खालची पट्टी काढली. आत जुन्या कुलपाची खोबण जशीच्या तशी होती. बाबांचं कोरीव काम! कडा अजून धारदार. कुलूप त्यात बसलं तेव्हा "टक्" असा आवाज आला, तो मला लहानपणापासून ओळखीचा आहे. स्क्रू एका जातीचे वापरले, खाचा सगळ्या उभ्या, एका रेषेत. बाबा म्हणायचे, स्क्रूच्या खाचेवरून माणसाची नियत कळते. वरच्या सगळ्या भोकांमध्ये लाकूड बुजवायची लांबी दाबून भरली, पॉलिश पेपर मारला, दाराच्या रंगात रंग मिळवून दिला. शोधूनही सापडणार नाही तिथे काय होतं ते. पत्र्याची डबी स्क्रूंसकट कचऱ्यात टाकली.

दादा दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होता. एकदा येऊन म्हणाला, "ते वरचं राहू दे ना. खालचं बसव, पण वरचं राहू दे."

"कशाला? आठवण म्हणून?"

पुन्हा येरझाऱ्या सुरू. चोराच्या मनात चांदणं. पुरावा पुसला जातोय म्हणून खरं तर खूष व्हायला हवं होतं.

काका टपकलेच. "वा! दार नवंकोरं दिसतंय! हात बापावर गेलाय हो पठ्ठ्याचा." आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बोलले.

बाहेर गेलो, दार ओढून घेतलं, खिशातून चावी काढली आणि उघडून आत आलो. विचारायचं नाही, उघडायचं. पुन्हा एकदा केलं. मग आणखी एकदा.

संध्याकाळी आई आली. मी म्हटलं, "आता स्टूल नको तुला." ती वरच बघत राहिली. मग स्टूल ओढलं, चढली, आणि जिथे लांबी भरली होती तिथून बोट फिरवलं. बोटाला रंग लागला. पदराला पुसला नाही. तशीच आत गेली.

कौतुकाचा एक शब्द नाही! ह्या घराला चांगलं काम ओळखताच येत नाही.

सोमवार, १० मार्च

आई सकाळी म्हणाली, "दादाने शपथ घातलीय, तरी सांगते. ते वाकडं त्यांनीच बसवलं होतं रे."

एक दिवस बाबांचं डोकं ठिकाणावर होतं. स्वतःच म्हणाले, "मला कोंडा. उद्या कुणाच्या कपाटाला हात लागला तर तोंड कुठे लपवू?" दादा माणूस आणायला निघाला तर भडकले. "माझ्या दाराला दुसऱ्याचा स्क्रू लागणार नाही." जागाही त्यांनीच सांगितली — "वर लावतो. मी कुलूप वर कधी शोधणार नाही." अख्खी दुपार लागली. दादा स्टूल धरून उभा होता. शेवटी बाबांनी विचारलं, "सरळ आहे ना रे?" दादा म्हणाला, "हो."

"धाकट्याला सांगायचं नाही, दादा म्हणाला. त्याला बाबांचा हात चांगलाच माहीत असू दे."

कचऱ्याचा डबा उलटा केला. कुलूप नव्हतं. दादाच्या ऑफिसच्या बॅगेत निघालं, रुमालात गुंडाळलेलं, चारही स्क्रूंसकट.

खिळ्याने लांबी उकरली. जुनीच भोकं लागली. खालचं कुलूप खाली राहील, हे नुसतं असेल वर. स्क्रू सरळ जायला बघत होते, मी तिरके बसवले. स्टूल डगमगत होतं. दादाने धरलं.