झाकणं उघडून बघणारी मावशी

आई, आज अख्खा वर्ग तुझ्यावर हसला, आणि हसवणारी मी होते. तुझा जावई, तू गेल्यावर लग्न झालं म्हणून तू त्याला पाहिलंच नाहीस, युरोपात नोकरीला आहे. त्याच्यासोबत राहायचा परवाना हवा तर मला तिकडची भाषा आणि तिकडची वागणूक, दोन्हींची परीक्षा द्यावी लागते. एकदा नापास झालेय. पुन्हा झाले तर आमचा संसार फोनवरच चालायचा. म्हणून अंधेरीत क्लास लावलाय. कुठला कचरा कुठल्या डब्यात, रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, शेजाऱ्याकडे न विचारता जायचं नाही, असलं सगळं शिकवतात. आज मॅडम म्हणाल्या, "आपल्याकडचं असं एखादं माणूस सांगा, जे तिकडे अजिबात चालणार नाही. त्यांच्याच भाषेत हं." एरवी माझी दातखीळ बसते. आज मीच हात वर केला.

आमच्या घाटकोपरच्या चाळीत एक मावशी होत्या, असं म्हणाले मी. हो, मावशी. कोणाच्याही स्वयंपाकघरात सरळ घुसायच्या, पातेल्यांवरची झाकणं उघडून बघायच्या, वर विचारायच्या, आज काय शिजता गो? पदर खोचून तुझी चालसुद्धा करून दाखवली. पोरी खिदळल्या. मॅडम म्हणाल्या, "झकास! एकदाही अडखळली नाहीस. तू तिकडे लगेच रुळशील." अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. आणि तेव्हाच मला समोरची वहिनी आठवली. नवरा सोडून गेला तेव्हाची. सकाळपासून तिचं दार लोटलेलं आहे, बायका गॅलरीत कुजबुजतायत, आत कोणी जात नाही. तू हात पुसत उठतेस आणि दार ढकलून आत जातेस. मी तुझ्या मागे. तू झाकणं उघडून बघतेस, सगळी पातेली रिकामी. नवरा खंय गेलो, कित्याक गेलो, एक शब्द विचारत नाहीस. स्टो पेटवतेस, तांदूळ धुतेस. ती हुंदके देत काहीतरी सांगायला लागते तर म्हणतेस, "आदी पेज खा, मगे रड." तिचं खाऊन होईपर्यंत तू तिथून हलली नाहीस. हे मी वर्गात सांगितलं नाही. शब्द येत नव्हते असं नाही, आई. हसू थांबलं असतं.

क्लास सुटल्यावर मरोळहून येणारी एक मुलगी माझ्याबरोबर जिना उतरली. म्हणाली, "भारी बाई असणार यार त्या. मला तर वाटतं, तिकडे गेल्यावर अशीच कोणीतरी शेजारी पाहिजे. अजून आहेत का गं?" खरं सांगायला एवढी चांगली वेळ आली होती. मी म्हटलं, "काय माहीत, चाळ सुटली मग संबंधच नाही राहिला."

घरी येऊन जेवले नाही. तुला लिहायला बसले. उद्या वर्गात उभं राहून सांगता येईल की ती माझी आई होती. पण मी सांगणार नाही. तोंडी परीक्षेत असंच काही विचारलं तर मी पुन्हा त्या मावशींचीच नक्कल करणार आहे. तेवढंच मला न अडखळता येतं, आणि मला पास व्हायचंय गं.