सुकीकाठचं सांबर

धुळे,
ता. १९ नोव्हेंबर १९३६

ती. अक्काचे सेवेशी, शालिग्रामचा सा. न. वि. वि.

तुझ्या फोटोच्या दुकानाला कुलूप आहे, हे मला काल जळगावहून आलेल्या रुपचंद शेटजींकडून कळलं. सख्ख्या भावाला ही बातमी कापसाच्या व्यापाऱ्याने द्यावी, याला काय म्हणावं? भाऊबीजेला माझ्याकडे जेवलीस, पुष्पाच्या हातच्या सांजोऱ्या बांधून घेतल्यास, आणि सातपुड्यात निघाल्याचं चकार शब्दाने बोलली नाहीस.

शेटजी म्हणाले की तू पालच्या जंगलात सांबराचे फोटो काढायला गेली आहेस. मी हसण्यावारी नेलं. तर ते म्हणाले, हे दिवस सांबराच्या माजाचे. एरवी पाचोळा वाजला तरी पळणारं जनावर या दिवसांत माणसालाही जुमानत नाही. तेव्हापासून कोर्टात कागद समोर असतो आणि डोळ्यांपुढे शिंगं.

भावजी गेल्यावर तू दुकान चालवायला घेतलंस, लोक नाही नाही ते बोलले, मी तुझ्याच बाजूने उभा राहिलो. गोषातल्या बायका तुझ्याखेरीज कुणापुढे फोटोला बसत नाहीत, याचा मला अभिमान आहे. पण अक्का, त्या बायका अंगावर धावून येत नाहीत.

सोबत हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या पाठवतो. पाणी उकळून पी. पत्र मिळताच निघ. लोभ आहे म्हणूनच ओरडतो आहे. तुझाही कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
शालिग्राम

पाल,
ता. २६ नोव्हेंबर १९३६

चि. शालिग्राम यास वच्छलाचे अ. उ. आ.

तुझं पत्र आणि कोयनेल दोन्ही पोचलं. दोन्ही सारखंच कडू! आधी सांगितलं असतं तर तू माझ्या ट्रंकेवर बसून राहिला असतास.

इथे चांद तडवी आणि त्याची बायको जैनब यांच्याकडे उतरले आहे. गेल्या साली त्यांच्या लेकीच्या लग्नाचे फोटो काढायला आले होते, तेव्हाच सांबर पाहिलं. सुकी नदीच्या वळणावर ते चिखलात लोळून उठलं, झुडपांवर शिंगं घासली आणि मान वर केली. शिंगांना गवत आणि वेल लोंबत होते, बाशिंग बांधल्यासारखे. मग असं ओरडलं की मी होते तिथेच खाली बसले. कॅमेरा त्या वेळी घरात, पेटीत! पुढे वर्षभर दुकानात माणसांना हलू नका, श्वास धरा म्हणत राहिले आणि डोळ्यांपुढे तेच. शालिग्राम, एकदा तरी मला असं काही टिपायचं आहे, जे माझं ऐकून उभं राहणार नाही.

चिखलाच्या खळग्याजवळ बांबूचा आडोसा केला आहे. कॅमेऱ्याला रबरी नळी आणि नळीच्या टोकाला फुगा. मी मागे बसून तो दाबते. अडचण उजेडाची. ऊन चढायच्या आत सांबर रानात शिरतं. फोटो उमटायच्या बऱ्याच काचा वाया गेल्या. एकीवर नुसती शेपटी आली आहे, तीही हललेली.

भीती वाटत नाही असं नाही. काल ते इतकं जवळ आलं की त्याच्या अंगाचा उग्र दर्प आला. खूर आपटत उभं राहिलं. मला नेमका तेव्हाच खोकला यायचा होता. पदर तोंडात कोंबला. हे पुष्पाला वाचून दाखवू नकोस.

नाताळात साहेब लोक शिकारीला येणार म्हणून इथला सरकारी बंगला झाडून ठेवला आहे. त्यांच्या बंदुकीआधी मला त्याला गाठायचं आहे.

मुलांना आशीर्वाद. राग धरलास तरी चालेल, माया तेवढी आटू देऊ नकोस.

तुझी,
अक्का

पाल,
ता. ७ डिसेंबर १९३६

चि. शालिग्राम यास अ. उ. आ.

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. नदीतल्या शेवाळावरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. चांदच्या ओळखीच्या म्हाताऱ्याने कामट्या लावून बांधलं आहे. ठणका फार आहे, ताप नाही.

आता दोन नर खळग्यावर येतात आणि एकमेकांना जोखतात. झुंज लागणार असं चांद म्हणतो. आणि मला एका हाताने काचसुद्धा बदलता येत नाही.

तू येऊ नकोस, एवढंच सांगायला हे पत्र. लोभ आहे तसाच राहू दे.

अक्का

पाल,
ता. १३ डिसेंबर १९३६

सौ. पुष्पा हीस सप्रेम आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. सावद्याला गाडीतून उतरून पुढे बैलगाडी केली. अक्काला काय काय सुनवायचं याची वाटभर उजळणी करत होतो. दारात ती हात गळ्यात अडकवून बसली होती, गालफडं बसलेली. मला पाहिलं आणि रडायला लागली. भावजी गेले तेव्हाही मी तिला अशी रडताना पाहिली नव्हती. विचारलं, फार दुखतंय का? तर म्हणाली, दुखण्याचं काही नाही रे, हाताशी आलेलं निसटतंय. माझी सगळी उजळणी तिथेच संपली.

तेव्हा तिला लगेच घेऊन निघत नाही. तू म्हणशील, आणायला गेले आणि तिथेच बसले. काय करू? मी काच चढवायला, झाकण सरकवायला शिकलो आहे. आज पहाटे पहिल्यांदा त्या जनावराचं ओरडणं ऐकलं आणि माझे दात वाजू लागले. अक्काने मफलर दातांत धरायला लावला आणि स्वतः हसू दाबत बसली. बऱ्याच दिवसांनी हसली, असं जैनबबाई म्हणाल्या.

आडोसा भक्कम आहे. काळजीचं कारण नाही. मुलांना सांभाळ. प्रेम आहेच, त्यावर विसंबूनच हे लिहितो आहे.

तुझा,
शालिग्राम

सावदे,
ता. १९ डिसेंबर १९३६

सौ. पुष्पा हीस अ. उ. आ.

आधी एवढं वाच: शालिग्राम जिवंत आहे, शुद्धीवर आहे, आता धोका नाही. नुसतं खरचटलं असं लिही, म्हणून तो मला विनवतो आहे. तुला मी खोटं लिहिणार नाही.

परवा खळग्यावर ऊन उतरलं तेव्हा दोन्ही नर समोरासमोर होते. शिंगांत शिंगं अडकली, चिखल आमच्या अंगावर उडू लागला. फुगा शालिग्रामच्या हातात होता, जनावरं इतकी हलत होती की मी आशा सोडली. पण दोघे जोर लावून क्षणभर जागीच थबकले, आणि मी काही बोलायच्या आत त्याने फुगा दाबला. शिकवल्याप्रमाणे झाकण सरकवलं, काचेची चपटी पेटी काढून कोटाच्या आत घातली.

तेवढ्यात हरलेला नर वळला. त्याची पळायची वाट आमच्यावरून होती. मी उठू गेले तर मोडक्या हाताची गळ्यातली झोळी बांबूत अडकली. शालिग्रामला बाजूला होता आलं असतं, पुष्पा. तो झाला नाही. माझ्यावर आडवा पडला. आडोसा गेला, कॅमेऱ्याचा चुराडा झाला, शिंगाचं टोक त्याच्या मांडीत घुसलं. चांदने गाडी जुंपली. इथवर मी डाव्या हाताने त्याची मांडी आवळून धरली होती. रक्त थांबेना तेव्हा मी ज्या देवांना कधी हात जोडले नाहीत त्यांनाही हाका मारल्या.

डॉक्टरांनी टाके घातले आहेत. चालू लागेल म्हणतात. पाय ओढेल की नाही, ते आज सांगता येत नाही.

काचेचा कोपरा तडकला, चित्र वाचलं. इथल्या एका फोटोवाल्याने धुऊन दिलं, ते सोबत पाठवते. तुझा माणूस मी तिथे बसवला. त्याची माफी शब्दांत मागता येत नाही. लोभ ठेव असं आज कोणत्या तोंडाने लिहू?

वच्छला

धुळे,
ता. २२ डिसेंबर १९३६

ती. अक्कांचे चरणी पुष्पाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचताना ओरडलेच. शेजारच्या ताईबाई धावत आल्या, सगळं ठीक ना म्हणून विचारू लागल्या, बठ्ठं बरं शे ना? मी फोटो त्यांच्या हातात दिला. मुलांना त्यांच्यापाशी ठेवून माझ्या भावासोबत उद्या निघते. राग घेऊन येते आहे, अक्का, तो लपवणार नाही. पण तुम्हां दोघांचं पथ्यपाणी मीच करीन. मोडक्या हाताने चुलीपाशी जाऊ नका.

फोटो आळीभर फिरला. धाकट्याने शिंगांची टोकं मोजली. कोर्टातले लोक येऊन पाहून गेले, वाहवा करून गेले. एकाच्या नाकपुडीवरचा चिखल दिसतो, दुसऱ्याच्या डोळ्यातली शीर दिसते.

मी किती वेळा तो हातात घेतला. सगळ्यांना त्यात दोन सांबरं दिसतात. मला एकही दिसत नाही. काढणारा किती जवळ बसला होता, तेवढंच दिसतं.

त्यांना एकटं सोडू नका. माझ्यावर लोभ आहे का, हे मला विचारायचं नाही. माझा तुमच्यावर आहे, म्हणूनच भांडायला येते आहे.

आपली,
पुष्पा