देवमाशाचा एक श्वास

४ डिसेंबर १९६७, सोमवार
पुलाच्या कामावर युनियनची गेट मीटिंग. पाया खणायला आमचे मजूर नदीच्या तळाखाली लोखंडी विहिरीत उतरतात. पाणी शिरू नये म्हणून आत दाबाची हवा. शनिवारी वर आल्यावर गंगारामचे गुडघे असे धरले की दोघांनी उचलून नेला. कंत्राटदाराचा डॉक्टर म्हणतो, वात. हा दाबाच्या हवेचाच त्रास, असं मी तासभर बोललो. टाळ्या. मग इंजिनिअर शांतपणे, "अध्यक्षसाहेब, देवमासा कितीतरी खोल जाऊन सरळ वर येतो. त्याला कुठं काय होतं?" आमचेच मजूर हसले. सभा तिथंच आटोपती घेतली. एवढी पुस्तकं वाचून.

५ डिसें.
हिला सांगितलं. म्हणाली, "त्या माशालेच घ्या नं मग युनियनमध्ये." रागावलो नाही. जवळजवळ नाही.

७ डिसें., गुरु.
प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे. म्हणाले, देवमासा वरून एकदाच श्वास घेऊन जातो. सील हा समुद्री प्राणी तर श्वास बराचसा सोडूनच बुडी मारतो. खोलात छाती दबते, फुप्फुसं मिटतात, उरलेली हवा श्वासनलिकेत सरकते. तिथून ती रक्तात फारशी जात नाही. लागेल तो प्राणवायू आधीच रक्तात, स्नायूंत साठवलेला. नाडी मंद. "सगळं अजून आम्हालाही कळलेलं नाही."
गंगाराम मात्र पाळीभर दाबाचीच हवा ओढतो. तिच्यातला नायट्रोजन अंगात मुरतो. दाब एकदम काढला की बुडबुडे, सोड्याची बाटली उघडावी तसे. म्हणून वर येताना हवेच्या कोठीत बसवून दाब हळूहळू उतरवायचा. नियम पाऊण तासाचा.
मग गंगारामचा पाऊण तास कोणी खाल्ला? भाषण मनात तयार झालं.

८ डिसें.
गंगारामच्या घरी. कोठीत किती वेळ बसवतात, विचारलं. तो गुडघे चोळू लागला. बायकोच बोलली, "सांगून टाका नं. लपवून काहून राहिले?"
"खालची पाळी संपली का हजेरी बंद, साहेब. कोठीतला टाइम फुकटचा. मंग कोठीची हवा सोडते त्या चावीवाल्याले आम्हीच म्हणतो, खोल गा लवकर, भूक लागली. दहा मिनिटांत खोलते तो."
"आणि तू?"
"मीच तं सगळ्यात जास्त ओरडतो."
परतताना भाषणाचा एक शब्दही उरला नाही.

१० डिसें., रवि.
इंजिनिअरला आधी देवमाशाचं उत्तर दिलं. नीट ऐकलं त्यानं. मग मागणी, एकच: कोठीतला वेळ हजेरीत धरा. "वर विचारतो. पण चावीवाला तुमच्या युनियनचा आहे, त्याला तुम्ही सांभाळा." खरं बोलला.
संध्याकाळी मजुरांपुढे उभा राहिलो. पूर्ण वेळ बसा म्हणालो. एकही टाळी नाही. मागून कोणीतरी, "देवमाशाची बायको भाकरी घेऊन वाट नाही पाहत, साहेब!" मीही हसलो. काय करणार.

११ डिसें., सोम.
हजेरीचं उत्तर नाही. गंगाराम लंगडतच कामावर. अडवला, तर म्हणे, "खाली गेलं का दुखतच नाही, साहेब. वरच दुखते." तेच तर. खाली दाबाखाली बुडबुडे आकसतात, म्हणून बरं वाटतं. समजावलं. ऐकून घेतलं, उतरला.

हे कोठीबाहेर, चावीवाल्याशेजारी बसून लिहितो आहे. पाळी संपली, गंगाराम आणि इतर चौघे आत. दहा मिनिटं होताच पत्र्यावर थापा सुरू. चावीवाला माझ्याकडे बघतो. मी घड्याळाकडे. लोखंडातून भाषण जात नाही.
वीस मिनिटं. थापा थांबल्या. दमले की पटलं, कळत नाही.
चावीवाला म्हणतो, "आज तुम्ही बसले म्हणून ठीक आहे, साहेब. उद्या ते मलेच शिव्या देतीन."
उद्या मला युनियनच्या दुसऱ्या खटल्यासाठी कोर्टात जायचं आहे. परवाही.
अजून पंचवीस मिनिटं.